दोनचा रकाना

"आई, आपलं घर विकून टाकू काय?" असं रूपालीनं सकाळी पाच वाजता विचारलं आणि कोकिळानं डब्यात पोळी ठेवता ठेवता "हो" म्हणून टाकलं. रूपाली हसली, मग हसायची थांबली. गेल्या आठवड्यात तिनं आईची अशीच दोनदा परीक्षा घेतली होती. एकदा विचारलं, मी पळून जाऊन लग्न करू काय, तर आई हो म्हणाली. एकदा विचारलं, भाजीत मीठ टाकलं काय, तरी हो. भाजीत मीठ नव्हतं.

"तू ऐकूनच नाई राह्यली," रूपाली म्हणाली. "तू नुसती हो म्हनून राह्यली."

कोकिळा याही वेळी हो म्हणाली आणि बस गाठायला निघाली.

नाचणगावहून वर्ध्याला जायचं आणि यायचं, हे तिचं चोवीस वर्षांचं चाललेलं होतं. एका ट्रस्टच्या रुग्णालयात ती बायकांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होती. वॉर्ड छत्तीस खाटांचा, पण त्या दिवशी पेशंट त्रेचाळीस होते. सात बायका दोन ओळींच्या मधल्या जागेत गाद्यांवर. दुसऱ्या दिवशी पोळा. दोन सिस्टर रजेवर गेल्या होत्या, तिसरीच्या जागी माणूस भरलंच नव्हतं. त्यामुळे कोकिळा सोळा दिवस सलग सकाळी आठ ते रात्री आठ करत होती, आणि तिच्या जोडीला मयुरी, अकरा महिन्यांच्या करारावरची, पंचवीस वर्षांची मुलगी. दोघींनी मिळून त्रेचाळीस बायका.

थकवा आला की माणूस चिडतं, असं लोकांना वाटतं. कोकिळा चिडत नव्हती. चिडायलाही अंगात काही शिल्लक असावं लागतं. तिचं एवढंच झालं होतं की समोरचं माणूस बोलायला लागलं की तिच्या कानांवर पडदा पडायचा आणि तोंडातून आपोआप "हो बाई" निघायचं. पोटात दुखते; हो बाई. सलाइन संपलं, हो बाई. हात कामाला लागायचे, सलाइन बदललं जायचं, पण शब्द आत पोचत नव्हते. पहिल्यांदा तिला हे सोयीचं वाटलं होतं. पुढे तिला त्याची सवय झाली, आणि सवय झाल्यावर ते दिसेनासं झालं.

दोनच्या रकान्याचंही तसंच झालं होतं.

प्रत्येक पेशंटच्या फाइलीत एक तक्ता असतो. दर चार तासांनी ताप, नाडी, श्वास आणि प्रेशर बघून त्यात लिहायचं. एका बाईला नीट बघायचं तर चार मिनिटं लागतात. त्रेचाळीस बायका म्हणजे तीन तासांना आठ मिनिटं कमी, आणि तेवढ्यात इंजेक्शनं, ड्रेसिंग, जेवण, नवीन भरती, डॉक्टरांचा राउंड. तेव्हा दोनचा रकाना एकच्या सुमारास टेबलावर बसून भरायचा, ही वॉर्डातली जुनी रीत. कोकिळाला ती प्रमिलाबाईंनी शिकवली होती. त्या तेव्हा या वॉर्डच्या इन्चार्ज होत्या, आता रुग्णालयाच्या मेट्रन. शिकवणी बारीक होती. नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करतात, म्हणून खरी नाडी कायम सम आकड्यात येते. टेबलावर बसून लिहायची तरी समच लिहायची. एकाखाली एक तोच आकडा लिहायचा नाही. आणि जी बाई खरोखर बिघडलेली आहे, तिच्याजवळ उठून जायचं, तिचं खरं बघायचं. बाकीच्यांवर टेबलावरून एकदा नजर फिरवायची: कोण बसली आहे, कोण जेवते आहे, कोणाचा चेहरा उतरला आहे.

नजर फिरवणं कधी सुटलं, ते कोकिळाला सांगता आलं नसतं.

त्या दिवशी बारा वाजून पाच मिनिटांनी ती सतरा नंबरच्या खाटेपाशी गेली. लीलाबाई, वय सहासष्ट, राहणार तळेगाव श्यामजी पंत. साखरेचा आजार, पायाला जखम, भरती होऊन अकरावा दिवस. जेवणाआधीचं इन्शुलिन द्यायचं होतं. कोकिळानं दंडाची चिमूट धरली, सुई टोचली. लीलाबाई काहीतरी सांगत होत्या, बैलांचं काहीतरी. कोकिळा "हो बाई, जेवून घ्या" म्हणाली आणि अठराकडे वळली.

पावणेएकला मेट्रनच्या ऑफिसातून निरोप आला. दीड वाजता सभागृहात ताण व्यवस्थापनाची कार्यशाळा, प्रत्येक वॉर्डातून एक जण सक्तीनं. मयुरी जाते काय म्हणून विचारलं तर तिच्या हातात ड्रेसिंगचा ट्रे होता. कोकिळानं फाइलींचा गठ्ठा पुढे ओढला आणि दोनचा रकाना भरायला बसली. सतराला तिनं लिहिलं: ताप नाही, नाडी अठ्ठ्याहत्तर, श्वास अठरा, प्रेशर एकशे तीस-ऐंशी. खाली सही. पूर्ण गठ्ठा अठरा मिनिटांत झाला.

कार्यशाळेला नागपूरहून एक बाई आल्या होत्या. चांगल्या होत्या, आवाज मऊ होता. त्यांनी आधी एक छापील कागद वाटला: तुम्हाला सकाळी उठल्यावर थकवा जाणवतो काय, पेशंटबद्दल काही वाटेनासं झालं आहे काय, असे बावीस प्रश्न, आणि पुढे तीन खाने: कधीच नाही, कधीकधी, नेहमी. कोकिळानं न वाचता वीस खुणा "कधीकधी"वर केल्या. मध्ये दोन "कधीच नाही" टाकल्या, एकाखाली एक तेच नको म्हणून. मग बाईंनी डोळे मिटायला सांगितलं. आपण नदीच्या काठी बसलो आहोत, पाणी वाहतं आहे. मागच्या रांगेतून बाळंतिणींच्या वॉर्डची सिस्टर हळूच म्हणाली, नदी नको, दोन सिस्टरा पाठवा म्हना. हशा पिकला. कोकिळाला ते अर्धवटच ऐकू आलं, कारण तिला झोप लागली होती. अकरा मिनिटं ती खुर्चीवर, हनुवटी छातीला लावून झोपली. सोळा दिवसांत तिला एवढी गाढ झोप आली नव्हती.

तीन वाजून बारा मिनिटांनी ती वॉर्डात परतली, तेव्हा सतरा नंबरपाशी माणसं जमली होती. लीलाबाईंचा मुलगा रजत हातात पिशवी घेऊन उभा होता. पिशवीतून बैलांच्या झुलीचं लाल टोक बाहेर आलं होतं. पोळ्याचा साज घ्यायला तो साडेअकराला बाजारात गेला होता, पावणेतीनला आला, तर आई खाटेवर नाही. संडासात असेल म्हणून थोडा वेळ थांबला. मग मयुरीला सांगितलं. मयुरीनं मेट्रनला फोन केला. रजतनं गावी चुलतभावाला, निकेशला, फोन लावून पाहिला. आई घरी आलेली नव्हती.

प्रमिलाबाई फाइल उघडून उभ्या होत्या. दोनच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी वाचलं. नाडी अठ्ठ्याहत्तर, प्रेशर एकशे तीस-ऐंशी. म्हणजे दोनपर्यंत बाई खाटेवर होती, असं त्यांनी रजतला सांगितलं. गेटवरच्या शिपायाला त्यांनी कॅमेऱ्याचं चित्र दोनपासून पुढे बघायला सांगितलं. शिपायानं बघितलं. दोननंतर गेटमधून अशी कोणी म्हातारी बाहेर पडलेली नव्हती. म्हणजे ती आवारातच असणार. जिने, गच्ची, एक्सरेची खोली, बाथरूम. सगळे शोधायला पांगले.

सांगताना प्रमिलाबाईंनी एकदाच कोकिळाकडे बघितलं होतं. ते बघणं विचारणारं नव्हतं. दोनचा रकाना किती वाजता भरतात, हे त्यांना विचारायची गरज नव्हती.

कोकिळा गच्चीकडे निघाली. जिना चढताना तिच्या मनात हिशेब चालू होता, आणि तो भलताच होता. चोवीस वर्षांत एकही मेमो नाही. एका खोट्या रकान्यानं बाकीचे बेचाळीस खोटे ठरतात, मग कालचे, परवाचे. मयुरीचा करार महिनाअखेर संपतो. त्याच वॉर्डातली म्हणून तिच्यावरही ठपका येणार. बाई असेलच इथे कुठेतरी. म्हातारं माणूस, पाय दुखतो, किती लांब जाईल. गच्चीवर चादरी वाळत होत्या. दुसरं काही नव्हतं.

खाली येऊन ती सतरापाशी गेली. खाटेखाली जेवणाचं ताट होतं, वर दुसरं ताट झाकलेलं. तिनं झाकण उचललं. पोळ्या दोन, वरण, भात, भोपळ्याची भाजी. एक घासही मोडलेला नव्हता. वरणावर साय धरली होती.

बारा पाचला इन्शुलिन. पोटात अन्न नाही. साडेतीन होत आले होते. दोनपर्यंत बाई खाटेवर असती तर ताट असं भरलेलं राहिलं नसतं; मयुरी ओरडली असती, जेव म्हणून. बाई जेवणाच्या आधीच गेली होती, आणि या क्षणी तिची साखर कुठेतरी खाली खाली चालली होती. लोक बाथरूमची दारं वाजवत होते.

कोकिळा टेबलापाशी गेली. प्रमिलाबाई, रजत, शिपाई, मयुरी, चौघंही तिथेच होते.

"मॅडम, हा रकाना खोटा हाये," ती म्हणाली. "दोनचं मी एकच्या आधी लिहिलं, इथं बसून. बाईले बघितलं नाई. बारा पाचले सुई देली, त्याच्यानंतर मी त्यायले बघितलंच नाई. जेवण तसंच पडून हाये. साखर उतरत असन त्यायची."

 भिंतीवरच्या घड्याळात तीन बत्तीस झाले होते, हे तिनं बघितलं; सवयीनं बघितलं, नोंद करायची असल्यासारखं.

"म्हंजे माही माय बारापासून नाई इथं," रजत म्हणाला. ओरडला नाही. "अन् तुम्ही लिहून देलं का हाये म्हनून."

"हो," कोकिळा म्हणाली. हे हो तिनं ऐकून म्हटलं होतं.

शिपायानं चित्र बारापासून लावलं. बारा एकतीसला लीलाबाई गेटमधून बाहेर पडताना दिसल्या. हिरवं लुगडं, काखेत गाठोडं, पायाला पट्टी, लंगडत पण घाईत. गेटवर थांबल्या, पदर सारखा केला आणि ऑटोत बसल्या. रजतला पुढचं कोणी सांगायची गरज पडली नाही. आर्वीवरून तळेगावला आणि पुढे आष्टीला जाणारी एकची गाडी. ती कायम वीस-पंचवीस मिनिटं उशिरा सुटते आणि पावणेचारच्या आसपास तळेगावच्या फाट्यावर लागते.

तीन सदतीसला त्यानं निकेशला फोन लावला. निकेशचं दुकान फाट्यावरच होतं. कोकिळानं रजतच्या हातातून फोन घेतला आणि स्वतः सांगितलं. गाडीत चढून बघा, उतरायची वाट बघू नका. झोपली आहे असं वाटेल, ती झोप समजू नका. हाक मारून उठली नाही तर पाणी अजिबात पाजू नका, ठसका लागेल. कुशीवर घ्या आणि बोटावर साखर घेऊन गालाच्या आतून चोळत राहा. मग सरळ डॉक्टरकडे. तिनं निकेशला हे सगळं परत म्हणून दाखवायला लावलं. तो साखर विसरला. तिनं पुन्हा सांगितलं.

मग काही करायचं राहिलं नाही. फोन चालूच ठेवला होता. त्यातून फाट्यावरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. वीस नंबरच्या बाईनं बेडपॅन मागितलं, मयुरी गेली. तीन एकावन्नला गाडी आली. निकेशचा आवाज लांब गेला. कंडक्टर म्हणत होता की म्हातारी आर्वीपासून झोपली आहे, तिला उठवलं तर बडबडते, तिकीट तळेगावचंच होतं, फाटा येईपर्यंत झोपू दिलं बिचारीले. मग कोणीतरी "काकू, काकू" अशा हाका मारायला लागलं. लीलाबाई घामानं निथळत होत्या आणि डोळे उघडत नव्हत्या.

साडेचारला फोन आला. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं होतं, बाई शुद्धीवर आल्या होत्या आणि गाठोडं कुठे गेलं म्हणून विचारत होत्या. रजत भिंतीला टेकून खाली बसला. थोड्या वेळानं उठला, पिशवी उचलली आणि कोणाकडे न बघता निघून गेला.

प्रमिलाबाई कोकिळाला घेऊन इंजेक्शनच्या खोलीत गेल्या. दार लोटलं. बराच वेळ त्या कापसाच्या डब्याचं झाकण लावत राहिल्या, ते लागत नव्हतं.

"मले बाजूले घेऊन सांगतलं असतं तं चाललं नसतं काय?" त्या म्हणाल्या. "सगळ्याईसमोर बोलली. पोट्टा उद्या लेखी तक्रार देईन."

"बाजूले घेऊ का नको घेऊ, याच्यातच वीस मिनिटं गेले मॅडम," कोकिळा म्हणाली. "तीन बाराले मी आली. तीन बत्तीसले तोंड उघडलं."

"मले मेमो द्या लागन तुले."

"द्या."

प्रमिलाबाईंना आणखी काही बोलायचं असावं. त्या दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि रकान्याबद्दल नाही तर बसबद्दल विचारलं, की तुझी नाचणगावची शेवटची गाडी कितीची. सव्वाआठची, असं कोकिळानं सांगितलं. हे त्यांना चोवीस वर्षं माहीत होतं.

सात वाजता वॉर्डातला फोन वाजला. रजत होता. आईला बोलायचं आहे एवढंच म्हणून त्यानं फोन दिला. लीलाबाईंचा आवाज घोगरा होता, पण ठणठणीत होता. आपल्यापायी सिस्टरला बोलणी खावी लागली म्हणे, असं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि ते त्यांना पटलेलं नव्हतं.

"मी तं तुम्हाले इचारूनच गेलती," त्या म्हणाल्या. "तुम्ही हो म्हनलं."

कोकिळाच्या तोंडातून "हो बाई" अर्धं बाहेर पडलं होतं. तिनं ते तिथेच थांबवलं. मागे जेवणाची ट्रॉली खडखडत होती. तिनं मयुरीला हातानं ट्रॉली थांबवायला सांगितली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय इचारलं होतं? पुन्हा सांगा," ती म्हणाली.

लीलाबाईंनी सांगितलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळायचे असतात आणि त्यांना आवतण द्यायचं असतं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. लग्न होऊन आल्यापासून ते त्याच देत आल्या. पोराला शब्दसुद्धा येत नाहीत. न बोलावता बैलाला पुरणपोळी कशी घालायची? म्हणून त्यांनी सिस्टरला विचारलं, जाऊ काय, उद्या रातच्याले वापस येतो. सिस्टर हो म्हणाली. जेवून घ्या म्हणाली, तेवढं मात्र त्यांनी ऐकलं नाही, गाडी चुकली असती. यात सिस्टरची काय चूक?

कोकिळानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की आवतण दिलं काय. लीलाबाई म्हणाल्या, निकेशले पाठवलं, शब्द पाठ करून घेतले त्याच्याकडून दोनदा. दुपारी तो साखरेचं विसरलाच होता म्हणे, तुम्ही सांगून राह्यल्या होत्या तवा.

दुसऱ्या दिवशी पोळा होता आणि कोकिळाच्या टेबलावर मेमो होता. तीन दिवसांत लेखी खुलासा. सोबत सगळ्या वॉर्डांना नवा हुकूम: यापुढे प्रत्येक नोंदीपुढे प्रत्यक्ष वेळ लिहावी, इन्चार्जनं तपासून सही करावी. माणसं वाढवण्याबद्दल त्यात काही नव्हतं. बाळंतिणींच्या वॉर्डची सिस्टर चहाच्या वेळी येऊन टोमणा मारून गेली की तुह्या खरेपनानं आमचे हात मोडले. हसत म्हणाली, पण चहा घेतला नाही.  मयुरीनं सकाळपासून एकदाच विचारलं, ताई, खुलाशात माहं नाव येईन काय. येणार नाही, असं कोकिळानं सांगितलं. रकाना आपण एकटीनं भरला होता आणि तसंच लिहिणार.

खुलासा तिनं दुपारच्या आधीच लिहून टाकला. एक पानही झालं नाही. किती वाजता काय केलं, एवढंच. तीन बारा आणि तीन बत्तीस या दोन वेळा तिनं मुद्दाम लिहिल्या. शेवटी माफी मागण्याऐवजी एकच वाक्य: एका पेशंटला चार मिनिटं लागतात.

त्या दिवशी बायका एक्केचाळीस होत्या. कोकिळानं बाराला सुरुवात केली, घड्याळ हातात घेऊन, एक नंबरपासून. मध्ये इंजेक्शनं आली, एक भरती आली, एकीला उलटी झाली. दोन वाजले तेव्हा एकोणीस बायका बघून झाल्या होत्या. बाकीच्या बावीस जणींचे खाने तिनं रिकामे ठेवले आणि खाली सही केली.

रजेवरच्या दोघींपैकी एक सिस्टर रजा अर्धी टाकून दोनच्या पाळीला आली होती, कपाळाला पोळ्याची हळद. ती ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, घ्यायला बसली, फाइली चाळल्या आणि थबकली. रिकामे खाने कशी घेऊ, उद्या माझ्यावर येईल, भरून दे, असं तिचं म्हणणं. चुकीचं नव्हतं. एवढी वर्षं भरूनच देत होते सगळे.

"नाई बघितल्या त्या," कोकिळा म्हणाली. "बघितल्या का भरतो."

बारापासून ती एकदाही बसली नव्हती. बाहेर रस्त्यावरून कुठून तरी घुंगरांचा आवाज येत होता. तिनं टेबलावरचं घड्याळ पुन्हा उचललं आणि वीस नंबरपाशी जाऊन त्या बाईचं मनगट धरलं. अर्धा मिनिट मोजायचं होतं. बाविसावर आली असेल, तेवढ्यात बाईनं काहीतरी विचारलं, आणि कोकिळाचा आकडा चुकला.

काय म्हणालात, असं तिनं विचारलं. घरच्यांना आत सोडतील काय, एवढंच होतं. चारनंतर सोडतील, असं तिनं सांगितलं, आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.